तुटायचं तर टोकाला तुटावं: जड फ्लाय रॉडची लाइन आणि बॅकिंग

साध्या गळाच्या मासेमारीत वजन दोरीच्या टोकाला असतं. शिशाचा तुकडा किंवा धातूचा लुअर झुगारला की तो दोरी आपल्यामागे ओढत नेतो. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. गळावर पिसं, केस आणि चमकीचे धागे बांधून जे बनावट भक्ष्य करतात त्याला फ्लाय म्हणतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. आपण फेकतो ती दोरी, आणि फ्लाय तिच्या टोकाला धरून निघते.

ही दोरी म्हणजे फ्लाय लाइन. ती साधारण ३० मीटर लांब असते. तिच्या मागे रिळावर गुंडाळलेली बारीक, मजबूत दोरी म्हणजे बॅकिंग. पुढच्या टोकाला जवळजवळ न दिसणारा नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा धागा असतो, तो लीडर. लीडरच्या अगदी शेवटचा बारीक तुकडा म्हणजे टिपेट, आणि त्याला बांधलेली फ्लाय.

नवीन सामान घेताना माणूस रॉडवर तासभर घालवतो. रीळ हातात घेऊन फिरवतो, त्याचा खर्र आवाज कान देऊन ऐकतो, आणि मग ‘यावर बसेल ती लाइन द्या, बॅकिंग तुम्हीच भरा’ म्हणून मोकळा होतो. हलक्या रॉडवर आणि लहान ट्राउटसाठी हे खपून जातं, कारण त्या माशाला बॅकिंगचं तोंडही दिसत नाही. ८ नंबरच्या पुढे मात्र हे अंगाशी येतं. बोनफिश, परमिट, टार्पन, जायंट ट्रेव्हॅली, सेलफिश, नदीतले मोठे सॅल्मन आणि महसीर यांच्यासाठी जे रॉड असतात, त्यांचं यशापयश रॉडपेक्षा दोरीवरच जास्त ठरतं.

रॉडवरचा आकडा

मुठीच्या वर रॉडवर ८, १०, १२ असा आकडा असतो. तो रॉडच्या वजनाचा नाही, माशाच्या वजनाचा तर नाहीच. किती वजनाची लाइन हवेत असताना हा रॉड मनासारखा वाकतो, एवढंच तो सांगतो.

पूर्वी लाइन रेशमाच्या असत आणि त्यांची प्रतवारी जाडीवरून, इंग्रजी अक्षरांनी होई. ए म्हणजे ०.०६० इंच, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला पाच हजारांश इंच कमी. एचडीएच लिहिलेलं असलं की दोन्ही टोकं ०.०२५ इंच आणि मधलं पोट ०.०४५ इंच. रेशीम सगळीकडे रेशीमच, त्यामुळे जाडी कळली की वजन कळायचं. मग नायलॉनचा गाभा आणि वर प्लास्टिकचं आवरण अशा लाइन आल्या. दोन लाइन सारख्या जाडीच्या, पण वजनं वेगळी, असं होऊ लागलं आणि अक्षरांना काही अर्थ उरला नाही. शेवटी १९६० च्या सुमारास आफ्टमा या अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांच्या संघटनेने जाडी सोडली आणि वजन धरलं. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे साधारण ९ मीटरचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा.

ग्रेन म्हटलं की परकं वाटतं, पण सोन्याचा तोळा १८० ग्रेनचाच आहे. त्या मापाने पाहिलं तर गंमत वाटेल. ७ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट १८५ ग्रेनचे, म्हणजे जेमतेम तोळाभर. ८ नंबर २१० ग्रेन, ९ नंबर २४०, १० नंबर २८०, ११ नंबर ३३० आणि १२ नंबर ३८०. माणसाएवढा टार्पन ज्या सामानावर धरतात, त्याच्या लाइनचं हवेतलं वजन दोन तोळ्यांहून थोडंसं जास्त, साडेचोवीस ग्रॅमच्या घरात. प्रत्येक नंबरला वजन साधारण १४ ते १८ टक्के वाढतं, हे लक्षात ठेवा; पुढे कामाला येईल.

दोन्ही हातांनी फेकायच्या लांब रॉडचा तक्ता वेगळा असतो. तिथली ८ नंबरची लाइन इथल्या ८ नंबरच्या दुपटीहून जड भरते. आकडा तोच दिसला म्हणून एकीची लाइन दुसऱ्या रॉडवर चढवू नका.

खोक्यावरचा नंबर आणि खरं वजन

इतका नीट तक्ता असूनही घोटाळा होतो, कारण तो कुणावर बंधनकारक नाही. हल्लीचे रॉड ताठ असतात. ताठ रॉड वाकायला जास्त वजन लागतं, आणि गिऱ्हाइकाला तर दुकानाबाहेर दोन फेकींतच ‘वा, काय वाकतो!’ असं वाटायला हवं असतं. म्हणून अनेक लाइन नंबरापेक्षा अर्ध्या किंवा पूर्ण पायरीने जड बनवतात. ८ लिहिलेल्या लाइनचे पुढचे ३० फूट २२५ ते २४० ग्रेन भरणं आता नवलाचं नाही. २४० म्हणजे तर सरळसरळ ९ नंबर झाला.

‘ताठ रॉडवर एक नंबर जड लाइन घ्या’ हा जुना सल्ला त्यामुळे आता धोक्याचा झाला आहे. आधीच एक पायरी जड असलेल्या लाइनवर तुम्ही आणखी एक पायरी चढवता आणि रॉडवर तिसाएक टक्के जास्त ओझं टाकता. फेक सुस्त होते, हवेतला लाइनचा फास रुंद होऊन कोसळतो आणि दोष हाताला दिला जातो.

खोक्यावर दोन आकडे शोधावेत: पुढच्या ३० फुटांचं वजन आणि हेडचं एकूण वजन. हेड म्हणजे लाइनचा पुढचा जाड, वजनदार भाग. त्याच्या मागे बारीक रनिंग लाइन असते, जी फेकताना हातातून सुटून हेडच्या मागे धावते. हेड ३० फुटांचंच असेल तर सगळं वजन तिथेच संपलं. ते ४५ फुटांचं असेल तर ३० फुटांना २१० ग्रेन असूनही पूर्ण हेड बाहेर आल्यावर रॉडला २९०-३०० ग्रेन जाणवतील. एकाच नंबरच्या दोन लाइन हातात इतक्या वेगळ्या का वाटतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आता निवड मासा किती लांब दिसतो यावर येते. उथळ पाण्यात चालत जाताना परमिट २० मीटरवर दिसला, तर लांब हेड आणि हळूहळू निमुळतं होत गेलेलं टोक बरं. लाइन पाण्यावर अलगद उतरते, मासा बिचकत नाही. होडीच्या नाकावर उभं असताना मासा अचानक १० मीटरवर उगवला आणि हातात दोन सेकंदच आहेत, तर आखूड, पुढे वजन साठवलेलं हेड हवं, एकाच झटक्यात रॉड वाकवणारं. कोंबडीच्या पिलाएवढी मोठी, ओली, हवा अडवणारी फ्लाय फेकायची असेल, तेव्हाही वजन पुढेच हवं. बारीक लांब टोकाच्या लाइनला अशी फ्लाय उलटवताच येत नाही. लाइन सरळ होते आणि फ्लाय मधेच कुठेतरी गोळा होऊन पडते.

खोक्यावर डब्ल्यूएफ-१०-एफ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढे, १० हा नंबर, एफ म्हणजे तरंगणारी. आय म्हणजे इंटरमीडिएट, तरंगती आणि बुडती यांच्यामधली, सावकाश बुडणारी; एस म्हणजे बुडणारी. दोन्हीकडे सारखी निमुळती अशी डीटीही मिळते, पण जड रॉडसाठी तिचा विचार करू नका. तिचं जाड पोट रिळात उगाच जागा खातं आणि लांब फेकीत रॉडवरच्या कड्यांमधून सरकत नाही.

तरंगती, अधली, बुडती

तरंगत्या लाइनच्या आवरणात हवेचे सूक्ष्म पोकळ मणी असतात. बुडत्या लाइनच्या आवरणात टंगस्टनची पूड असते. बुडण्याचा वेग सेकंदाला किती इंच, असा मोजतात. इंटरमीडिएट साधारण एक-दोन इंच, टाइप ३ तीनेक इंच, टाइप ६ सहा-सात इंच.

बुडती लाइन त्याच वजनाच्या तरंगतीपेक्षा बारीक असते, कारण तिचं द्रव्यच जड. त्यामुळे ती वारा कापते, आणि वाऱ्यात जड रॉड फेकणाऱ्याला हे वरदान वाटतं. जुन्या बुडत्या लाइनमध्ये एक खोड होती: पोट जाड म्हणून आधी बुडायचं, टोक बारीक म्हणून मागे राहायचं, आणि पाण्याखाली लाइनची झोळी व्हायची. माशाने फ्लाय तोंडात घेऊन थुंकली तरी हाताला कळायचं नाही. आता टोकात जास्त टंगस्टन भरून टोक आणि पोट एका वेगाने बुडवतात. घेताना एवढं विचारून घ्या.

या लाइनवर कधी नंबर नसतो, थेट ग्रेन असतात. ढोबळमानाने २५० ग्रेन ८ नंबरच्या रॉडला, ३०० ते ३५० ग्रेन ९-१० ला, ४०० ते ४५० ग्रेन ११-१२ ला चालतात. हे आकडे आफ्टमाच्या तक्त्यापेक्षा जास्त दिसतील, कारण ते अख्ख्या हेडचे आहेत.

पहिली लाइन तरंगतीच घ्या. दुसरी घेणार असाल तर माझं मत इंटरमीडिएटला. लाटांच्या वरच्या थरात वारा तरंगती लाइन ओढत नेतो, इंटरमीडिएट त्याच्या हातभर खाली शिरते आणि फ्लायशी तुमचा संबंध टिकतो. समुद्रकाठी हिचं जितकं काम होतं त्या मानाने तिचं कौतुक होत नाही.

ऊन, थंडी आणि गाभा

लाइनच्या आवरणावर सगळे बोलतात, गाभ्यावर कुणी नाही. जड रॉडसाठी मला गाभा महत्त्वाचा वाटतो, दोन कारणांनी.

पहिलं तापमान. उष्ण प्रदेशांसाठीच्या लाइनचा गाभा ताठ मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकसंध धाग्याचा, आणि आवरण कडक असतं. तापलेल्या होडीत ती नीट राहते, कड्यांमधून सुळकन जाते. तीच लाइन थंड नदीवर नेली की तारेच्या गुंडाळीसारखी होते, रिळाचे वेटोळे सोडतच नाही. थंड पाण्याच्या लाइनचा गाभा मऊ, विणलेल्या नायलॉनचा असतो. ती उन्हात शिजलेल्या शेवयांसारखी लुळी आणि चिकट होते. दोन्ही हवामानांत चालणारी एकच लाइन शोधण्यात वेळ घालवू नये.

दुसरं कारण ताकद. पुष्कळ लाइनचा गाभा २० ते ३० पौंडांचा, म्हणजे ९ ते १३ किलोंच्या ताणाचा असतो. मोठ्या माशांसाठीच्या खास लाइनमध्ये तो ५० पौंडांपासून १०० पौंडांपर्यंत जातो. आवरण कितीही जाड असलं तरी तुटताना फक्त गाभाच मोजला जातो. खोक्यावर ही ताकद लिहिलेली नसेल तर मी ती लाइन मोठ्या माशासाठी घेत नाही.

कुठे तुटू द्यायचं

फ्लायपासून रिळाच्या दांड्यापर्यंत सगळं एका साखळीसारखं आहे: टिपेट, लीडर, लाइनचा गाभा, लाइन आणि बॅकिंगमधला सांधा, बॅकिंग, आणि बॅकिंगची रिळावरची गाठ. ताण सगळीकडे जवळपास सारखाच येतो. प्रमाणाबाहेर गेला की काहीतरी तुटणार. काय तुटावं हे आपण सामान जुळवतानाच ठरवून ठेवायचं. नाही ठरवलं तर ते मासा ठरवतो.

टिपेट तुटलं तर माशाच्या जबड्यात गळ आणि वीतभर धागा राहतो. बॅकिंग तुटलं तर मासा ३० मीटर प्लास्टिकची लाइन आणि वर बॅकिंग ओढत पळतो. ती प्रवाळात किंवा दगडांत अडकते आणि मासा तिथेच अडकून मरतो. तुमचं नुकसान लाइनचं, त्याचं जिवाचं. म्हणून टिपेट सगळ्यांत कमजोर, गाभा त्याहून मजबूत, बॅकिंग गाभ्याइतकं किंवा जास्त मजबूत, आणि मधल्या गाठी त्यांच्या दोरीच्या ताकदीच्या जवळपास.

आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना, म्हणजे १९३९ साली स्थापन झालेली आयजीएफए, फ्लायवरच्या विक्रमांसाठी टिपेटचे वर्ग ठरवते. जड सामानाच्या बाजूचा परिचित वर्ग १० किलोंचा, ज्याला २० पौंडांचा वर्ग म्हणतात. या हिशेबाने मासेमारी करणाऱ्याचा प्रश्न सोपा आहे. २० पौंडांचं टिपेट, ३० पौंडांचा गाभा, ३० पौंडांचं बॅकिंग. साखळी आपोआप जुळली.

गडबड होते ती विक्रमाची फिकीर न करणाऱ्यांची. जायंट ट्रेव्हॅली प्रवाळाकडे धाव घेते, तिला रोखायचं तर लीडर जाड हवा. म्हणून अनेक जण फ्लायपर्यंत सलग ८०, १०० किंवा १३० पौंडांचा नायलॉन लावतात. त्यात चूक नाही, पण मागची लाइन तशीच ३० पौंडांच्या गाभ्याची राहते. म्हणजे साखळीचं सगळ्यांत मजबूत कडं माशाच्या तोंडाशी, आणि तुटणार ती लाइन. लीडर जाड केलात की गाभाही मोठा घ्या आणि बॅकिंगही. सगळं वाढवणं जमत नसेल तर लीडरच्या टोकाला गाभ्याहून कमजोर असा एक तुकडा ठेवा.

गाठीचा विचारही याच साखळीत येतो. ३० पौंडांच्या बॅकिंगला वाईट गाठ मारली की ते वीसाचंही राहत नाही.

बॅकिंग: डॅक्रॉन की जेल-स्पन

डॅक्रॉन म्हणजे विणलेलं पॉलिएस्टर. २० आणि ३० पौंडांत मिळतं. मऊ असतं, बोट कापत नाही, गाठ धरतं, गुंडाळताना हलगर्जीपणा थोडाफार माफ करतं. ताणावर लांबतं, तुटेपर्यंत ओढलं तर १० टक्क्यांच्या आसपास. या लांबण्याने माशाचा हिसका थोडा शोषला जातो, पण १५० मीटर बाहेर असताना गळ पुन्हा रुतवायला झटका द्याल तर तो बराचसा वाटेतच विरतो.

जेल-स्पन म्हणजे पॉलिएथिलीनचे अतिशय मजबूत तंतू विणून केलेली दोरी. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी ओळखतात तीच. ५० ते ६५ पौंडांचं जेल-स्पन जाडीला २० ते ३० पौंडांच्या डॅक्रॉनइतकं किंवा त्याहून बारीक असतं. लांबणं ३-४ टक्के, म्हणजे नगण्य. पाण्याहून किंचित हलकं म्हणून तरंगतं, डॅक्रॉन बुडतं.

बारीक असण्याचा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे. रिळात दोरी जी जागा घेते ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली की त्याच जागेत चौपट लांबी मावते. सात दशांश केली तरी दुप्पट. ज्या रिळात १८० मीटर डॅक्रॉन बसतं, त्यात बारीक जेल-स्पन तीनशेच्या वर सहज जातं. शिवाय पाण्यात ओढली जाताना बारीक दोरीला विरोध कमी होतो. मासा सरळ रेषेत पळत नाही, तो वळतो, आणि मागची दोरी पाण्यात मोठं वळण घेऊन घासत येते. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, कितीही हलका ठेवला तरी या घासण्याचा ताण टिपेटवर बसतोच.

तोटेही खरे आहेत. जेल-स्पन धावत असताना बोटाला लागलं तर चाकूसारखं कापतं. ते निसरडं आहे, साध्या गाठी त्यातून सुटतात. रिळाच्या दांड्यावर नीट पकड नसेल तर अख्खी गुंडाळी दांड्याभोवती फिरते. ड्रॅग घट्ट, तरी मासा पळतोच आहे, असं विचित्र दृश्य दिसतं. यावर उपाय म्हणजे आधी थोडं डॅक्रॉन गुंडाळायचं किंवा दांड्यावर खरबरीत चिकटपट्टी लावायची.

तिसरा तोटा मी स्वतः भोगला आहे. पहिल्यांदा जेल-स्पन भरलं तेव्हा गप्पा मारत, हातानेच, सैल भरलं. वरून गुळगुळीत, छान दिसत होतं. पुढे एका माशाने लाइन संपवून बॅकिंग घेतलं, आणि साठेक मीटरनंतर रीळ एकदम थांबलं. ताणाखालची दोरी खालच्या सैल थरांत रुतून अडकली होती. नंतर एक टचकन आवाज आणि हातात रिकामा रॉड. बॅकिंग लाइनसकट गेलं. तेव्हापासून भरताना हातमोजा घालतो, दोरी ओल्या फडक्यातून दाबून सोडतो आणि थर तिरके पाडतो, म्हणजे वरचा थर खालच्या दोन फेऱ्यांच्या फटीत घुसू शकत नाही.

८ आणि ९ नंबरला, बोनफिश किंवा सॅल्मनसाठी, मी अजूनही डॅक्रॉनच भरतो. रीळ मोठं असलं की ते पुरतं आणि त्रास देत नाही. ११ च्या पुढे, जाड गाभ्याच्या लाइनसोबत, जेल-स्पनशिवाय साखळी जुळतच नाही. १० नंबर मधला. तिथे रिळात जागा किती, यावर ठरवावं.

किती भरायचं

‘मासा इतका कुठे पळतो?’ हा प्रश्न नेहमी येतो. उथळ पाण्यातला दोन-तीन किलोंचा बोनफिश १०० मीटर पळतो, आणि पळताना विचारत नाही. ८ नंबरला १५० ते २०० यार्ड, १० नंबरला २०० ते २५०, १२ नंबरला ३०० च्या वर, आणि खोल समुद्रातल्या सेलफिश किंवा ट्यूनासाठी ४०० ते ६०० यार्ड असा साधारण रिवाज आहे. यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर.

पण बॅकिंग फक्त मासा पळेल म्हणून भरत नाहीत. ते नसतंच, तर लाइन रिळाच्या बारीक दांड्यावर बसेल आणि लहान वेटोळ्यांची सवय लागून स्प्रिंगसारखी उलगडेल. भरपूर बॅकिंगवर बसलेली लाइन मोठ्या वेटोळ्यांत राहते.

आणि रिळाचा व्यास घटला की काय होतं, तेही पाहा. भरलेल्या रिळावर दोरीची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरू. एका फेरीत ३१ सेंटिमीटर दोरी आत येते, १०० मीटर गुंडाळायला ३२० च्या आसपास फेऱ्या. दोरी बाहेर गेल्यावर त्रिज्या ३ सेंटिमीटर उरली, तर एका फेरीत १९ सेंटिमीटर आणि १०० मीटरना ५३० फेऱ्या. मासा तुमच्या दिशेने पळाला तर हा फरक जीवघेणा.

त्याहून वाईट ड्रॅगचं. ड्रॅग दांडा फिरायला जो विरोध करतो तो कायम असतो, पण दोरीवरचा ताण त्रिज्येच्या उलट वाढतो. भरलेल्या रिळावर काट्याने मोजून २.५ किलोंवर ठेवलेला ड्रॅग, त्रिज्या ३ सेंटिमीटर झाल्यावर ४ किलोंच्या वर जातो. त्रिज्या निम्मी झाली की ५ किलो. त्यात पाण्यात घासणाऱ्या दोरीचा ताण मिळवा. १० किलोंचं टिपेट अशा वेळी मासा काहीच वेगळं करत नसतानाही तुटू शकतं. म्हणून सुरुवातीला ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवतात आणि मासा लांब गेला की घट्ट नव्हे, सैल करतात. घाबरलेला हात नेमकं उलट करतो. बारीक बॅकिंगने भरलेलं रुंद दांड्याचं रीळ घेतलं तर त्रिज्या कमी वेगाने घटते आणि हा सगळाच प्रश्न लहान होतो.

नेमकं किती मावेल हे खोक्यावरच्या आकड्यावर सोडू नका, कारण तो आकडा कुठल्या जाडीच्या लाइनसाठी आहे हे तिथे बहुधा नसतं. एक कंटाळवाणी पण अचूक रीत आहे. आधी फ्लाय लाइन रिळावर चढवा, तिच्यावर बॅकिंग जोडून काठाच्या ४-५ मिलिमीटर खालपर्यंत भरा, तिथे कापा. मग सगळं उतरवून उलट क्रमाने पुन्हा भरा. काठाशी ती फट हवीच; मासा ओढताना दोरी एकसारखी बसत नाही, एका बाजूला ढीग होतो आणि चौकटीला घासून रीळ अडकतं.

सांधे आणि निगा

बॅकिंग आणि लाइन यांच्यात फास-फासाचा जोड सगळ्यांत सोयीचा. लाइनला कारखान्यातून वितळवून केलेला फास बहुतेक वेळा असतोच. बॅकिंगच्या टोकाला बिमिनी ट्विस्ट नावाच्या गाठीने मोठा फास करा, इतका की त्यातून रिळाचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं चाक, आरपार जावा. मग लाइन बदलायची तर गाठ कापावी लागत नाही. जेल-स्पनचा फास एकेरी ठेवू नका. बारीक दोरी लाइनच्या आवरणात करवतीसारखी घुसते, म्हणून दुहेरी फास करून तो लाइनच्या फासातून तीन-चार वेळा फिरवतात. पोकळ विणीचं जेल-स्पन मिळत असेल तर टोक स्वतःच्याच पोकळीत ओवून गाठीशिवाय फास करता येतो. ताण आला की वीण आवळते. सांधा रॉडच्या कड्यांतून जाताना टकटक वाजला तर त्यावर लवचीक गोंदाचा पातळ थर देऊन तो गुळगुळीत करा. आधीच पळत्या माशाच्या वेळी तो कड्यात अडकला तर वरचं कडंच उपटून नेईल.

निगेबद्दल थोडक्यात. डास पळवणाऱ्या मलमातलं डीट लाइनचं प्लास्टिक खातं, सनस्क्रीनही चांगलं नाही. हात धुऊनच लाइनला हात लावा. समुद्रानंतर लाइन सौम्य साबणाच्या पाण्यात आणि मग गोड्या पाण्यात. बॅकिंग मात्र लोक विसरतात. खारं पाणी आतल्या थरात शिरून महिनोन्महिने बसतं आणि स्पूलचा धातू कुरतडतं. वर्षातून एकदा सगळं बॅकिंग उतरवून, धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा ताणून भरायला एक दुपार जाते.

त्याच दुपारी साखळीची परीक्षाही घ्या. लाइन रॉडमधून ओवू नका, नाहीतर रॉड मोडेल. लीडरचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा, काटा खांबाला. लाइन आणि बॅकिंगचा सांधा पार करून दोन मीटर बॅकिंग बाहेर काढा, ते लाकडाच्या ठोकळ्याला चार फेरे देऊन धरा, हातमोजा आणि चष्मा घाला, बाजूला उभं राहून सावकाश ओढा. काट्यावर किती किलो आले तेव्हा तुटलं, आणि कुठे तुटलं, हे दोन्ही लिहून ठेवा. टिपेटच्या गाठीशी तुटलं तर नवीन टिपेट बांधून सामान आवरा. सांध्यापाशी तुटलं, तर तो सांधा पुन्हा बांधा आणि पुन्हा ओढा.